जीभ घासल्याबिगर च्या नाही

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलोय. तब्येत बरी आहे, काळजी नसावी. लिहायला जमलं नाही इतकंच.

दिवाळीत नात आली होती. ती दंतवैद्यकाच्या तिसऱ्या वर्षाला आहे, त्यामुळे हल्ली घरातल्या प्रत्येकाच्या तोंडात टॉर्च मारून बघते. न्हाणीतल्या खिळ्यावर टांगलेली तांब्याची जिभी तिने हातात घेतली आणि विचारलं, "आजोबा, ही किती जुनी?" म्हटलं, "तुझ्या बापापेक्षा जुनी आहे." माझे वडील डव्ह्याच्या यात्रेला गेले होते, तिथून त्यांनी दोन जिभ्या आणल्या होत्या. एक त्यांची, एक आईची. वडिलांची त्यांच्या मागे कुठे गेली कोण जाणे. आईची राहिली. ती पुढे आमच्या सौ.कडे आली. चिंच आणि मीठ लावून घासली की अजूनही लखलखते. दोन्ही टोकं वळवलेली, मधली पट्टी झिजून पार पातळ झालेली. नात म्हणाली, "काठ धारदार झालाय, आता वापरू नका." ती परीक्षेच्या तयारीत आहे, तेव्हा तिचं ऐकलं. नवीन घेतली. जुनी मात्र खिळ्यावर आहे.

जिभेवर काय लिहायचं, असं कुणी म्हणेल. पण या एका विषयात माझं बरंच काही गुंतलेलं आहे. ते आज सांगून टाकतो.

आमच्या लहानपणी किन्हीराजात पेस्ट-ब्रश कुणाकडे नव्हते. गोवरीची राख, नाहीतर चुलीतला कोळसा कुटून मीठ घालून केलेली राखुंडी. पुढे माकडछाप काळी पावडर आली ती श्रीमंती. शेतात जाणारे लोक वाटेतच कडूनिंबाची नाहीतर बाभळीची काडी मोडून घेत. वीतभर काडी, टोक चावून चावून कुंचला करायचा, दात घासायचे, आणि मग खरी गंमत म्हणजे तीच काडी उभी चिरायची. दोन फाका होतात. एक फाक दोन्ही हातांनी वाकवायची आणि आतल्या बाजूने जीभ खरवडायची. झालं काम, फेकून द्या बांधावर! रोज नवा ब्रश आणि रोज नवी जिभी. प्लॅस्टिकचा प्रश्नच नाही.

आमचे वडील पहाटे पाचला न्हाणीपाशी जीभ घासायला बसत आणि असा आवाज काढत की शेजारच्या दोन घरांत चूल पेटे. ओऽऽ ओऽऽ करून पोटातलं सगळं वर आणल्याशिवाय जीभ साफ झाली असं त्यांना वाटतच नसे. नात म्हणते हे चूक आहे, इतकं मागे जायची गरज नाही, घशाला त्रास होतो. पण ते गजराचं घड्याळ बंद पडलं तेव्हा शेजारणीनेच आधी विचारलं होतं, "गुरुजी, आज बाबांचा आवाज नाही आला?" असो.

मी बी.ए. मराठीचा माणूस, वाशीमला शिकलो. तेव्हा अमरावती विद्यापीठ नव्हतं, आमची डिग्री नागपूरची. शास्त्राचं शिक्षण नाही, पण निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पाचव्या अध्यायात जीभ घासण्याचं सांगितलेलं आहे. जिभी सोन्याची, चांदीची, तांब्याची, कथिलाची किंवा पितळेची असावी, धारदार नसावी आणि वाकडी असावी. जिभेच्या मुळाशी साठलेला मळ श्वासाला अडथळा करतो आणि दुर्गंधी आणतो, म्हणून ती घासावी. सुश्रुतांनी तर मापही दिलंय, दहा अंगुळं. लाकडाचीही चालेल म्हणतात, मऊ आणि गुळगुळीत हवी. दातवणाची काडी बारा अंगुळं, करंगळीएवढी जाड. बारा अंगुळं म्हणजे बरोब्बर एक वीत! आमच्या शेतात जाणाऱ्या निरक्षर माणसाच्या हातातली काडी आणि सुश्रुतांची काडी एकाच मापाची. दातवणाच्या झाडांत करंजाचं नाव दोघांनीही घेतलंय. कडू झाडांत निंब सगळ्यात चांगला, हे सुश्रुतांचं मत.

नातीला हे सांगितलं तर ती म्हणाली, "आजोबा, तो मळ म्हणजे मेलेल्या पेशी, अन्नाचे कण आणि जंतू." जीभ वरून गुळगुळीत वाटते, पण तिच्यावर बारीक बारीक उंचवटे असतात, गालिच्यासारखे. मागच्या भागात त्यांच्या फटींत जंतू सुखाने राहतात, कारण तिथे ऑक्सिजन कमी पोचतो. हे जंतू प्रथिनं कुजवतात आणि त्यातून गंधकाचे वायू निघतात. सडक्या अंड्याचा वास ज्या हायड्रोजन सल्फाईडचा, तोच. तोंडाला वास येणाऱ्यांपैकी बहुतेकांचं मूळ तोंडातच असतं, पोटात नव्हे, आणि त्यातही जिभेचा वाटा मोठा. मी आयुष्यभर "पोट साफ नाही" म्हणून लोकांना एरंडेल सुचवत आलो!

तिने दुसरी बाजूही सांगितली, ती मला आवडली. २००६ साली कोक्रेन नावाच्या संस्थेने अभ्यास तपासले तेव्हा जिभीने वास कमी होतो, नुसत्या ब्रशपेक्षा थोडा जास्त, पण पुरावा कच्चा आहे आणि फरकही फार वेळ टिकत नाही, असं दिसलं. म्हणजे जिभी हा काही चमत्कार नाही. रोज घासायची ती रोज मळते म्हणून.

आता जिभेचा विषय निघालाच आहे तर एक कबुली. मी वर्षानुवर्षं फळ्यावर जिभेचं चित्र काढून शिकवलं, टोकाला गोड, बाजूला खारट आणि आंबट, मागे कडू. पोरं घोकत, परीक्षेत गुण मिळवत. ते साफ चूक आहे. १९०१ मध्ये एका जर्मन संशोधकाने चवींच्या संवेदनेत जिभेवर थोडाथोडा फरक पडतो असं दाखवलं होतं, पुढे १९४२ मध्ये एका अमेरिकन पुस्तकात त्याचा असा अर्थ झाला की जणू प्रत्येक चवीचा वेगळा प्लॉट आहे, आणि तोच जगभर शिकवला गेला. खरं तर सगळ्या चवी जिभेवर सगळीकडे कळतात. पोरं साखर घेऊन कधीच तपासून बघू शकली असती. मीही.

पण याहून मोठी चूक वेगळी आहे.

१९७९ साल असेल. मी पाचवीचा वर्गशिक्षक. प्रार्थना झाली की स्वच्छतेची पाहणी करायचो, नखं, केस, दात. नवा होतो, उत्साह दांडगा. शिस्त म्हणजे काय ते मलाच कळतं असं वाटायचं. वर्गात एक पोरगा होता, नाव लिहीत नाही. त्याच्या तोंडाला फार वास यायचा. शेजारी बसायला कुणी तयार नसे. एके दिवशी पाहणीत त्याला पुढे बोलावलं आणि म्हटलं, "जीभ काढ." त्याने काढली. मी सगळ्या वर्गाकडे वळून म्हणालो, "ही जीभ आहे की विहिरीतला शेवाळलेला दगड?"

वर्ग हसला. मलाही आपण काही फार छान बोललो असं वाटलं. ससंदेह अलंकार!

दुसऱ्या दिवशी पोरगा आला नाही. तिसऱ्या दिवशी आला तो तोंड मिटून. हजेरीला "हजर" म्हणेना. जवळ गेलो, जीभ दाखव म्हटलं तर रडायला लागला. जिभेवर आडवे काप होते, रक्त सुकलेलं. त्याच्या घरी जिभी नव्हती. डालड्याच्या डब्याचा पत्रा कापून त्याने त्याने जीभ खरवडली होती.

संध्याकाळी घरी सौ.ला सांगितलं. लग्नाला तीनच वर्षं झाली होती. ती भाकरी थापत होती, थांबली. म्हणाली, "एवढंसं लेकरू हाय ते. तुमी त्याले काडी कशी फोडायची ते दावलं होतं काय?" नव्हतं दाखवलं. तिने तेव्हाच मला उठवलं, आमच्या निंबाच्या दोन काड्या मोडून दिल्या आणि पोराच्या घरी पाठवलं. त्याची माय मजुरीवरून नुकतीच आली होती. मला दारात बघून घाबरली, पोरानं काही केलं असेल म्हणून. मी ओसरीवर बसून त्याला काडी चिरून दाखवली. जीभ बरी झाल्यावर हलक्या हाताने घास म्हटलं. ते मुकाट्याने बघत होतं. "चुकलं माझं" एवढे दोन शब्द काही मला म्हणता आले नाहीत. गुरुजी ना मी!

पुढे काही दिवसांनी त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी घसा पाहिला आणि सांगितलं, टॉन्सिल्स सुजून त्यात घाण साठली आहे, नाक बंद म्हणून पोरगा तोंडाने श्वास घेतो. वास मुख्यतः तिथला होता. म्हणजे बिचाऱ्याने जीभ सोलून काढली असती तरी वास जाणार नव्हता.

"शेवाळ्या" हे नाव मात्र चिकटलं. मी बंदी घातली, एकदोघांना छड्याही दिल्या. काही उपयोग झाला नाही. माझ्याच तोंडचं नाव होतं ते. मी निवृत्त झालो २००९ मध्ये. त्यानंतर काही वर्षांनी मालेगावच्या स्टँडवर एक मिशा पिकलेला गृहस्थ पाया पडला. तोच. सोबत नातू होता. त्याला म्हणाला, "हे माझे गुरुजी." मी विचारपूस केली, सोयाबीन कसं झालं वगैरे. आज म्हणायचंच असं मनात ठरवलं, शब्द जुळवत होतो, तेवढ्यात पलीकडून त्याचा सोबती ओरडला, "अबे शेवाळ्या, चाल लवकर, गाडी लागली!" तो हसला, मला पुन्हा नमस्कार केला आणि नातवाचं बोट धरून गेला.

आता सौ.बद्दल.

घरात तिचा एकच कायदा होता. जीभ घासल्याबिगर च्या नाही. पाहुणा असो, जावई असो, मुंबईहून आलेला भाचा असो, "तोंड धुतलं काय? जीभ घासली काय?" हे आधी. मुलगा पुण्याला नोकरीला लागला तेव्हा त्याच्या बॅगेत लोणच्याच्या बरणीशेजारी नवी जिभी होती. बेड-टी हा शब्द तिला शिवीसारखा वाटायचा.

२०२१ च्या डिसेंबरात तिला अर्धांगवायूचा झटका आला. रात्री झोपेतच केव्हातरी. पहाटे मी हाक मारली तर तोंड वाकडं, उजवा हात-पाय लुळा आणि बोलणं गेलेलं. अकोल्याला नेलं. झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत पोचलं तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देता येतं म्हणे, पण झटका किती वाजता आला हेच सांगता येत नव्हतं. वाचणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं. तोंड वाकडं, हात उचलेना, बोबडं बोलणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नका.

दवाखान्याचं नाव लिहीत नाही. उपचार चांगले झाले. गिळता येत नव्हतं म्हणून नाकातून नळी घातली होती, त्यातून दूध, सूप. तोंडाने काहीच नाही. आणि तोंडाने काही नाही म्हटल्यावर तोंडाकडे कुणाचं लक्षच गेलं नाही. नर्सबाईंचं नाही, सुनेचं नाही, माझंही नाही. खात नाही तर तोंड कशाला मळेल, असं आपल्याला वाटतं. असतं उलटं. खाण्यापिण्याने, बोलण्याने जीभ घासली जाते, लाळ फिरते. ते सगळं थांबलं, वर तोंड उघडं ठेवून श्वास चालू, की जीभ वाळते आणि तिच्यावर थर चढतच जातो.

नवव्या दिवशी ती काही सांगायचा प्रयत्न करत होती. मी ऐकायला तोंडाजवळ वाकलो. जिभेवर काळपट तपकिरी पपडी होती, आणि असा वास आला की मी झटकन मान वळवली.

तिने ते पाहिलं. बोलता येत नव्हतं, पण तिला सगळं कळत होतं. डोळ्यांतून पाणी आलं आणि तिने तोंड घट्ट मिटलं. त्यानंतर दिवसभर ते उघडलं नाही.

त्या रात्री वॉर्डात बाकावर बसून मला पाचवीचा वर्ग आठवला. लिहिण्यासारखं नाही ते सगळं.

सकाळी वॉर्डातल्या सफाईच्या मावशींना विचारलं. त्यांची सासू दोन वर्षं अंथरुणावर होती, त्यांना सगळं येत होतं. त्यांनी शिकवलं ते असं. आधी पलंगाची डोक्याकडची बाजू उंच करायची. मान एका कुशीला वळवायची, म्हणजे पाणी घशात न जाता बाहेर येईल. तोंडात पाणी ओतायचं नाही, कधीच नाही. स्वच्छ गॉज बोटाला गुंडाळून कोमट मिठाच्या पाण्यात बुडवायचं, घट्ट पिळायचं, आणि गाल, हिरड्या, मग जीभ. पपडी ओढून काढायची नाही, ओलावून सैल होऊ द्यायची, आज थोडी, उद्या थोडी. फार मागे जायचं नाही. ओठांना साजूक तूप. पहिल्या दिवशी तिने तोंड उघडलं नाही. मी म्हटलं, "चुकलं माझं." बायकोला एवढं म्हणायला मला पंचेचाळीस वर्षं लागली. थोड्या वेळाने तिने तोंड उघडलं.

पाच दिवसांत जीभ गुलाबी दिसायला लागली.

हे निव्वळ वासापुरतं नसतं, हे मला नंतर कळलं. गिळणं बिघडलेल्या माणसाची लाळ चुकून फुफ्फुसात जाते, आणि तिच्यासोबत तोंडातले जंतू. त्याने न्यूमोनिया होतो, आणि लकव्याचे पुष्कळ रुग्ण लकव्याने न जाता या न्यूमोनियाने जातात. नातीने मला जपानमधला एक अभ्यास वाचून दाखवला, १९९९ साली लॅन्सेटमध्ये आलेला. अकरा वृद्धाश्रमांत दोन वर्षं म्हाताऱ्यांचे दोन गट पाहिले. ज्यांचं तोंड नियमाने साफ केलं त्यांच्यात शंभरात अकरा जणांना न्यूमोनिया झाला, बाकीच्यांत शंभरात एकोणीस जणांना. ब्रश आणि थोडी माणुसकी, एवढ्याच खर्चात! ज्यांच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलेलं आहे त्यांनी हा परिच्छेद पुन्हा वाचावा. मी मास्तर आहे, पुन्हा वाचा म्हणायची सवय आहे.

घरी आणल्यावर हे काम माझं झालं. मुलगा बाई ठेवू म्हणाला, मी नको म्हटलं. नळी निघाल्यावर मऊ ब्रश आणि नंतर जिभी. ती जीभ बाहेर काढते तेव्हा ती उजवीकडे वळते, लुळ्या बाजूला. सुरुवातीला तर ओठांपर्यंतही येत नसे. वाचोपचाराच्या मॅडमनी जिभेचे व्यायाम सांगितले होते, गालाला लाव, वरच्या ओठाला लाव, टाळूला लाव. आम्ही जिभी घासतानाच ते उरकतो. पाचव्या आठवड्यात तिने पहिला शब्द उच्चारला. नातवंडं म्हणतात आमचं नाव घेतलं असेल. नाही. "च्या" म्हणाली.

रोज जीभ बघायची सवय लागली की तिच्यावरचं कळायला लागतं. मागच्या वर्षी तिच्या जिभेवर पांढरे दह्यासारखे ठिपके दिसले, घासून जातात पण खाली लाल राहतं. डॉक्टर म्हणाले बुरशी आहे, तिला साखर आहे म्हणून. औषधाने गेली. जीभ फार फिकी, गुळगुळीत दिसली तर रक्त तपासा, लोह किंवा बी-बारा कमी असू शकतं. आणि एक फार महत्त्वाचं. जिभेच्या कडेला जखम असेल, किंवा न पुसला जाणारा पांढरा-लाल चट्टा असेल, आणि दोन आठवड्यांत बरा होत नसेल, तर दुखत नाही म्हणून गप्प बसू नका. आपल्याकडे बायका तपकीर, मिश्री दातांना लावतात आणि त्याला दात घासणं म्हणतात. गुटख्यावर २०१२ पासून राज्यात बंदी आहे, पुड्या कुठे मिळतात ते मी सांगायला नको. माझा एक विद्यार्थी, वय बेचाळीस, तोंड दोन बोटांपलीकडे उघडत नव्हतं तोवर कुणी पाहिलंच नाही. पुढचं लिहीत नाही.

आता तिला डाव्या हाताने जिभी धरता येते. एका टोकाला मी धरतो, दुसऱ्या टोकाला ती. मी जास्त मागे नेली तर हातावर चापट मारते. शब्द पाच-पन्नास आले आहेत, वाक्य अजून पुरं होत नाही. नातीने आणलेली स्टीलची जिभी तिला आवडली नाही, तांब्याचीच हवी.

आज सकाळी थंडी फार होती. तिचं सगळं आवरून मी दोघांचा चहा गाळला आणि पहिला घोट घेणार, तर तिने डावा हात माझ्या कपावर ठेवला.

"तुमी?" म्हणाली.

मी विसरलो होतो. कप तिथेच झाकून ठेवला आणि न्हाणीत गेलो.